डावा गाल, उजवा गाल आणि दिंडोरीचा दगड

एकनाथकाका,

परवा तुमचा दहावा झाला आणि काल तुमचा नितीन तुमचे सगळे धारेचे दगड घेऊन माझ्या घरी आला. तांदळाच्या पिशवीत घालून आणले होते. जेवणाच्या टेबलावर एकेक मांडत म्हणाला, "आई म्हणाली, मॅडमकडे देऊन ये. घरात राहिले तर मी एखाद्यावर लसूण ठेचीन." काकूंनी खरंच ठेचला असता, म्हणून मी मुकाट्यानं घेतले. सगळे ओळखले. कुठला कोणत्या बाजारात मिळाला, कुठल्यावरून आपला किती दिवस अबोला होता, सगळं आठवलं. टेबलावर ताटाला जागा उरली नाही, तेव्हा अविनाश आणि मी ओट्याशी उभं राहून जेवलो. माझ्या नवऱ्यानं जेवणाच्या बाबतीत तक्रार न करण्याची ही पहिलीच वेळ.

दहाव्याला घाटावर लोक तुमच्याबद्दल फार गोड बोलले. शांत माणूस, कुणाला कधी उलटून बोलला नाही, वगैरे. मागे बसून ऐकताना मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आले की काय! सहा वर्षं तुम्ही माझ्याशी न भांडता चहाचा एक कप संपवला नाहीत. आणि मला त्या भांडणांची इतकी सवय झाली की तुमच्याबद्दल नुसतं गोड बोलणं मला जमणारच नाही.

तेव्हा भांडतेच. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. नितीनला हात नाही, असं तुम्ही म्हणायचात. सलूनमध्ये, गिऱ्हाइकांच्या समोर, पोटच्या पोराला. "ह्याच्याकडं पत्ती हाय, हात नाय." मी म्हणायचे, आहे. तुम्ही म्हणायचात, तुम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्ही आजवर कुणाची दाढी केलीय का. तिथं भांडण अडकायचं. नंतरचा तो सोमवार तुम्हाला माहीत आहे. त्या सोमवारनंतरचा गुरुवार तुम्हाला माहीत नाही, आणि हे भांडण मिटलं ते गुरुवारी. म्हणून हे लिहायला बसले.

आपली ओळख थुंकीनं झाली, हे मी कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नाही. नाशकातला बुधवारचा बाजार होता. भूगर्भशास्त्राची प्राध्यापक मी, निवृत्तीला वर्ष उरलेलं, जाईन तिथून दगड उचलून आणायची खोड. भंगारवाल्याच्या गोणपाटावर गंजकी कुलपं, पितळी नळ आणि घड्याळांचे पट्टे पसरले होते, आणि त्यांत साबणाच्या वडीएवढा एक राखाडी दगड होता. मी हात घातला, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं तुम्हीही घातलात. "मी आधी बघितलाय," मी वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले. तुम्ही अंगठा जिभेला लावलात, दगडावर घासलात, वास घेतलात, पुन्हा थुंकी लावून घासलात आणि दगड माझ्यापुढे धरलात. "घ्या ना मॅडम, घ्या."

मी कशाला घेतेय! तो दगड तुमचा झाला आणि चहा मला मिळाला. त्या चहावर तुम्ही मला सांगितलंत की हे वस्तऱ्याला धार लावायचे दगड आहेत, साहेबाच्या काळात बोटीतून आलेले, आणि आता भंगारात का पडले आहेत. सलूनमध्ये पत्ती आली. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी पत्ती, दाढी झाली की टाकून दिली. ते योग्यच होतं, रोग पसरत नाहीत, हे तुम्हीही मान्य करायचात. पण कडू औषध गिळल्यासारखं तोंड करून. "दगडाचं काय चुकलं पण?" तुम्ही विचारलंत. पस्तीस वर्षं मी दगड शिकवले, दगडाची बाजू घेऊन बोलणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

मग आपण ते दगड शोधत फिरायला लागलो. ते कुठे कुठे मिळाले, आठवतं? कपाटाच्या पायाखाली. विळीच्या शेजारी. पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर. घोटीला तुमच्या एका जुन्या कारागीर दोस्ताच्या घरी तर देव्हाऱ्यात मिळाला, शेंदूर लावलेला. आजोबांच्या धोकटीत होता, ते गेल्यावर कुणीतरी देवांशेजारी ठेवला आणि पुढच्या पिढीनं देव समजून पुजायला घेतला. माझा हात भिंगाकडे गेला होता. एवढा गुळगुळीत दगड, फक्त एक कोपरा खरवडून बघायचा होता! तुम्ही माझं मनगट धरलंत, चपला काढून दगडाला नमस्कार केलात आणि मला बाहेर काढलंत. "त्यो आता देव झाला. त्याला धार मागायची नाय." परत येताना सबंध रस्ताभर मी तुमच्यावर चिडले होते आणि सबंध रस्ताभर तुम्ही हसत होतात.

दगड ओळखायचा कसा, यावर तर आपलं जन्मात एकमत झालं नाही. माझी रीत म्हणजे भिंग, सुईचा ओरखडा, आम्लाचा थेंब, पाण्यात बुडवून वजन. वहीत नोंद, नोंदीखाली तारीख. तुम्ही दगड कानाशी धरून नखानं टिचकी मारायचात. मग त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघत बसायचात. पाणी पिऊन टाकलं तर दगड भरड, पाणी वर बसून राहिलं तर बारीक. मग थोडा उगाळून त्या पाण्याचा रंग बघायचात, आणि शेवटी वस्तरा. माझी वही बघून म्हणायचात, "नाव लिहून काय करता मॅडम? गालाला इचारा."

आणि त्या कडप्प्याची गोष्ट मी आज स्वतःच सांगते, म्हणजे तुमच्याइतकं मीठमिरची तरी लावणार नाही. बाजारात मला निळसर काळा, गुळगुळीत, रेखीव कडांचा दगड मिळाला. मी आनंदानं वेडी झाले. चहाच्या टपरीवर उभी राहून अर्धा तास तुम्हाला व्याख्यान दिलं, की हा जर्मनीतल्या डोंगरातला आहे, अशा खाणी कधीच बंद पडल्या, भारतात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. तुम्ही शांतपणे ऐकलंत. टपरीवाल्याकडून अर्धं लिंबू मागून घेतलंत. किल्लीनं दगडावर ओरखडा काढलात आणि त्या भुकटीवर लिंबू पिळलंत. बारीक बुडबुडे आले. "मॅडम, ह्यो कुणाच्या तरी ओट्याचा तुकडा हाय. कडप्पा."

चुनखडीवर आम्ल टाकलं की फेस येतो, हे मी दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवत होते. त्या दिवशी घाईत मीच विसरले. पुढचं वर्षभर टपरीवाला मला 'कडप्पा मॅडम' म्हणत होता. अजून म्हणतो.

पण तुम्हीही कमी नव्हतात. तो पिवळा दगड तेलकट झाला होता म्हणून तुम्ही तो धुण्याच्या सोड्यात टाकून चुलीवर उकळायला ठेवलात. मला विचारलंही नाहीत. दुपारी फोन आला, आवाज पार खोल गेलेला. "मॅडम, दगड मेला." मी रिक्षा करून पंचवटीत तुमच्या घरी आले. तुम्ही ओसरीवर बसला होतात, समोर ताटात दगडाचे दोन तुकडे होते, वरचा पातळ पिवळा आणि खालचा जाड काळपट. शेजारी चहावर साय धरली होती. काकू मला आत बोलावून म्हणाल्या, "सासरे गेले तवा पण येवढे रडले नव्हते."

मी ते तुकडे हातात घेतले आणि मला हसूच आवरेना. बेल्जियमचा तो पिवळा दगड फार पातळ थरांत मिळतो आणि ठिसूळ असतो, म्हणून त्याला आधाराला खाली पाटीचा दगड चिकटवून विकतात. तुमच्या उकळत्या पाण्यात जुना डिंक सुटला होता, दगडाला काही झालं नव्हतं. हे मी तुम्हाला तीनदा समजावलं. "म्हंजे मी मारला नाय?" तुम्ही विचारलंत. "नाही हो काका. घटस्फोट झालाय. पुन्हा लग्न लावून देऊ." संध्याकाळी आपण ते तुकडे इपॉक्सीनं चिकटवले आणि वजनाला वर काकूंचा पाटा ठेवला. त्या दिवशी घरात चटणी झाली नाही. तुम्ही मात्र दर तासाला त्या पाट्याभोवती फेरी मारत होतात. माझ्या विद्येचा कुणाला एवढा आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तो दगड काल टेबलावर सगळ्यात आधी ठेवला नितीननं.

सोमवार हा तुमचा शोध. गंगापूर रोडवरचं नितीनचं सलून सोमवारी बंद असतं. कोपऱ्यात तुमची जुनी लाकडी खुर्ची होती, नितीननं शोभेला ठेवलेली. त्या खुर्चीत दर सोमवारी सकाळी अविनाश बसायला लागला. एक वस्तरा मी माझ्या आवडत्या दगडावर लावलेला, एक तुम्ही तुमच्या दगडावर. दाढी दोन्हीकडची तुम्हीच करायचात. डावा गाल माझा, उजवा तुमचा. निकाल अविनाशचा.

बिचारा सगळी नोकरी विमा कंपनीत करून नुकताच सुटलेला, कुणाला न दुखावता बोलायची हाडाची सवय. पहिल्या सोमवारी म्हणाला, "दोन्ही छान आहेत." आपण दोघं मिळून त्याच्यावर असे तुटून पडलो की तो पुन्हा तसं बोलला नाही. हळूहळू त्याचा गाल शहाणा झाला. "डावा जरा ओढतोय." "उजव्यावर थंड वाटतंय, पण हनुवटीपाशी बोचलं." मी वहीत लिहून घ्यायचे. तुम्ही त्याला 'साहेब' म्हणायचात, पण आपण बोलायचो त्याच्या गालाशीच. एकदा तो कंटाळून म्हणाला, "लग्नात मला एवढ्या बारकाईनं कुणी बघितलं नव्हतं." खरंच नव्हतं बघितलं. सत्तावीस वर्षांनी मला कळलं की माझ्या नवऱ्याच्या डाव्या जबड्याखाली एक भोवरा आहे. काका, हे तुमचं देणं मी कुणाला सांगू?

आणि मग दिंडोरीचा दगड. अविनाशच्या ओळखीच्या बागायतदाराकडे आपण सहज म्हणून गेलो होतो, छाटणीचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर छाटणीवाल्यांच्या कात्र्या पडल्या होत्या आणि शेजारी त्यांना धार लावायचा दगड. काळा, ग्रीसनं माखलेला, मध्ये इतका झिजलेला की खोलगट वाटी झाली होती. तुम्ही टिचकी मारलीत आणि तुमचा चेहराच बदलला. आपण त्याच्या बदल्यात नवा दगड देऊ केला. छाटणीवाल्याला संशय आला. "काय वो बाबा, ह्यात सोनं हाय का काय?"

"नाय रं, दाढी हाय," तुम्ही म्हणालात. त्यानं अविनाशकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि नवा दगड घेऊन पटकन निघून गेला.

तीन आठवडे आपण त्याची घाण काढली. सोडा, कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश. उकळायचा नाही हे तुम्ही मला स्वतः बजावलंत! ग्रीस गेलं आणि खालून हिरवट राखाडी रंग निघाला, एका कडेला बारीक गडद रेघ. तो खड्डा तुम्ही बोटानं चाचपलात आणि म्हणालात, "डावरा होता." मला कळेना कोण डावरा. "ज्याचा ह्यो दगड होता त्यो. बघा ना, झीज उलट्या बाजूला हाय. कात्रीनं येवढं झिजत नाय. कुणीतरी आयुष्यभर वस्तरा लावलाय." मी भिंगातून पाहिलं. कात्रीचे भरड ओरखडे वरवरचे होते, त्याखाली दगड काचेसारखा गुळगुळीत झिजला होता. माझ्या भिंगाला दगड दिसला, तुम्हाला माणूस दिसला.

त्यानंतर दगड सपाट करायचा की नाही, यावरून आपण आठवडाभर बोललो नाही. खोलगट दगडावर वस्तऱ्याची धार सरळ बसत नाही. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर दगड घासायचा, रेघा सगळ्या पुसल्या की दगड सपाट झाला. हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी तुम्ही म्हणालात, "त्या माणसाची जिंदगी हाय त्यात. पुसून टाकायची?" शेवटी वरची बाजू आपण तशीच ठेवली आणि उलटी बाजू सपाट केली. आजही त्या दगडाला एक बाजू त्या डावऱ्याची आहे आणि एक आपली.

तो दगड आला कुठून, हे मात्र ठरलं नाही. मी म्हणत होते परदेशी आहे, आपल्याकडे सगळा काळा पाषाण, असा थराथराचा बारीक दगड नाशकात मिळणारच नाही. तुम्ही म्हणत होतात इथलाच आहे. "तुम्ही सगळे डोंगर बघितलेत का?" नव्हते बघितले. पण एकदा तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "मॅडम, दाढी केल्याबिगर दगड अर्धाच कळतो. धार तुम्ही लावता, आन गालाला मी लावतो. तुमचा दगड मला कळतो, तुम्हाला नाय."

तुम्ही हे सहा वर्षं मागत होतात. वस्तरा घ्या, कुणाच्या तरी गालाला लावा. मी दर वेळी टाळलं. हात थरथरतो म्हणाले, चष्मा बदललाय म्हणाले. खरं कारण तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. तुम्ही तुमची कला माझ्या हातात ठेवत होतात आणि चार पावलांवर नितीन टॉवेलच्या घड्या घालत उभा असायचा. सोमवारी सुट्टी असून तो यायचा, काका. आपल्यासाठी पाणी गरम करायचा, खुर्ची पुसायचा, आणि तुम्ही "हात नाय" म्हणालात की मान खाली घालून हसायचा. त्याच्यासमोर मी तो वस्तरा कसा घेणार होते?

या हिवाळ्यात तुमचं हृदय कुरकुरायला लागलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं की कुठे कापू देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. तुमचे हात थरथरायला लागले. स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस तुम्ही, नितीनला जवळ येऊ देईनात. "पत्ती नको मला." दाढी वाढली, पांढरीशुभ्र. काकू म्हणाल्या, "आता नुस्ती झोळी अडकवायची राह्यलीय, निघाले हे बाबाजी." तुम्ही मला बघून गालावरून हात फिरवलात. "मॅडम, आता तुम्हीच."

मी म्हणाले, पुढच्या सोमवारी. त्या सोमवारी म्हणाले, पुढच्या. तिसऱ्यांदा तसं म्हणाले तेव्हा तुम्ही भांडलाच नाहीत, आणि तुमचं न भांडणं मला सहन झालं नाही. जाताना मी नितीनला जिन्यात गाठलं. "तू कर," म्हणाले. "मी त्यांना समजावते."

तो म्हणाला, "मॅडम, माझ्या हातून ते करून घेणार नाहीत. तुम्ही करा. त्यांना असं बघवत नाही मला." आणि मग, अगदी साधेपणानं, "मी शिकवू का तुम्हाला?"

त्यानं मला फुग्यावर शिकवलं, काका. नवशिक्याला तुम्ही शिकवायचात तसंच. फुगा फुगवायचा, साबणाचा फेस लावायचा, वस्तऱ्यानं फेस काढायचा, फुगा फुटता कामा नये. आमच्या दिवाणखान्यात तीन दिवस फुगे फुटत होते. पहिल्या दिवशी नऊ फुटले. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, कुणाचा वाढदिवस आहे विचारायला. नितीन न रागावता म्हणायचा, "मॅडम, दाबू नका. वस्तरा झोपवा. त्याला त्याचं काम करू द्या." हे शब्द कुणाचे, हे मला कुणी सांगायला नको होतं. रविवारी अविनाश स्वतःच गळ्याला टॉवेल गुंडाळून बसला. "आधी माझ्यावर कर. मला गोळ्या नाहीत." असा माणूस मिळायला नशीब लागतं. त्याचे कल्ले खालीवर झाले, बाकी धडधाकट उठला.

आणि सोमवार. तुमच्या घरची ओसरी, सकाळचं ऊन, तुम्ही खुर्चीत. काकू तुरटी हातात घेऊन अशा उभ्या होत्या जशी मी मोठी शस्त्रक्रियाच करणार आहे. नितीन आला नव्हता. काम निघालं असं तो म्हणाला, पण मुद्दामच आला नाही. मी फेस लावला. डाव्या हाताच्या बोटांनी तुमचा गाल ताणला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला ते कळलं जे तुम्ही सांगत होतात. धार बोटाला जाणवते. केस तुटताना बारीक आवाज येतो, दगडागणिक वेगळा. माझ्या वहीत हे कुठंच नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "झाली एकदाची परीक्षा पास."

पाऊण तास लागला. तुम्ही दहा मिनिटांत दोन दाढ्या करायचात! एकही थेंब रक्त आलं नाही. फक्त डाव्या जबड्याखाली, जिथं कातडी सैल झाली होती, तिथं माझी हिंमत झाली नाही. तिथले केस वरवर कापून खुंटांचा एक छोटा ठिपका मी तसाच सोडला. तुम्हाला लगेच कळलं. "ऱ्हाऊ द्या. कुनाला कळनार नाय," म्हणालात.

मग मी विचारलं, धार कोणत्या दगडावरची, ओळखा. तुम्ही गालावरून हात फिरवलात, खुशीत मान डोलावलीत. "बेल्जियम. पिवळा."

"दिंडोरीचा आहे, काका."

तुम्ही एक डोळा उघडलात. क्षणभर मला वाटलं, आज माघार घेणार. "मंग," तुम्ही म्हणालात, "दिंडोरीचा दगड बेल्जियमपेक्षा बरा हाय. म्हंजे इथलाच हाय. मी म्हनत नव्हतो?" काकू तुरटी हातात घेऊनच हसत खाली बसल्या. मी एवढी मोठ्यानं हसले की पलीकडच्या घरातली खिडकी उघडली.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. आता गुरुवार.

पहाटे तुम्ही झोपेतच गेलात. आम्ही पोचलो तेव्हा तुम्हाला आंघोळ घालायची तयारी चालली होती. कुणीतरी म्हणालं, दाढी करून घ्या. नितीननं पेटी उघडली, नवी पत्ती काढली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नको. दाढी झालीय त्यांची."

नितीन थांबला. पत्ती खाली ठेवली. मग तुमच्याशेजारी गुडघ्यावर बसून त्यानं उजव्या हाताची बोटं तुमच्या गालावर ठेवली, केसांच्या उलट दिशेनं, हळूहळू. डोळे मिटलेले. तीन दिवसांचे खुंट सगळ्या चेहऱ्यावर सारखेच दिसत होते. त्याची बोटं कानाखालून हनुवटीकडे आली, डाव्या जबड्याखाली गेली आणि तिथं थांबली.

"मॅडम," तो डोळे न उघडता म्हणाला, "सोमवारी एवढी राहिली होती का?"

मी मान डोलावली. अविनाश माझ्यामागे उभा होता, त्यानं माझा खांदा धरला. नितीन हसला, रडत होता तरी हसला, आणि त्यानं ती पत्ती पुन्हा कागदात गुंडाळली. "असू दे," म्हणाला. "तुमची आहे ती."

मी तिथं मुद्दाम वाकून पाहिलं होतं, काका. चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात. मीच सोडलेला ठिपका मला सापडला नाही. सोमवारी राहिलेले खुंट आणि त्यानंतर उगवलेले खुंट, यांतला एवढा बारीक फरक त्यानं नुसत्या बोटांनी ओळखला. एवढा बारीक हात माझ्या ओळखीत फक्त एका माणसाचा होता. या भांडणात तुम्ही हरलात, काका, साफ हरलात, आणि हे ऐकायला तुम्ही हवे होतात.